काउंटरवर नंबर सांगा

"पाण्याच्या मोटरचं बेअरिंग द्या" म्हटलं की काउंटरमागचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग भाव सांगतो. "६२०३ झेडझेड, सी३" म्हटलं की तो फळीकडे बघतो. वस्तू तीच, भाव वेगळा. सुट्या भागांच्या खरेदीत पैसे वाचतात ते घासाघीस करून फार कमी. आपल्याला नेमकं काय हवंय ते दुकानदाराच्या भाषेत सांगता आलं, तर बरेच वाचतात.

याचं कारण साधं आहे. पंप, मिक्सर, गिरणी, गवत कापायचं मशीन बनवणारे कारखाने बेअरिंग, ऑइल सील (शाफ्टभोवती, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती, तेल अडवणारी रबरी कडी), बेल्ट, कपॅसिटर स्वतः घडवत नाहीत, बाहेरून घेतात. ही सगळी प्रमाणित मापाची वस्तू असते. ती सर्व्हिस सेंटरच्या पाकिटातून घेतली की पाकिटाचेही पैसे लागतात. म्हणून मशीन उघडल्यावर पहिलं काम म्हणजे खराब झालेले भाग दोन ढिगांत टाकायचे. एका ढिगात बाजारात नंबरावर मिळणारे: बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग, व्ही-बेल्ट, कपॅसिटर, स्पार्क प्लग, सर्कलिप, चावी (पुली आणि शाफ्टच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा), नट-बोल्ट. दुसऱ्या ढिगात त्या मशीनचेच असणारे: इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र), केसिंग (बाहेरचं कवच), गिअर, मिक्सरचा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा), स्विचचा साचा. दुसऱ्या ढिगासाठी कंपनीचा किंवा त्याची नक्कल केलेला भागच शोधावा लागतो, आणि तिथे मॉडेल नंबर लागतो. पहिल्या ढिगासाठी मॉडेल नंबर सांगायचीही गरज नाही.

पिशवीत जुना भाग, एक व्हर्निअर (व्यास-जाडी मोजायची सरकती पट्टी), एक लोहचुंबक आणि जमल्यास थ्रेड गेज (आटे जुळवून पाहायची पाती) असावा. व्हर्निअर महागडा नको, ०.१ मिलिमीटर नीट दाखवणारा पुरतो. जुना भाग धुऊन न्या. ग्रीसनं माखलेला नंबर काउंटरवर थुंकी लावून वाचत बसलात की गर्दीच्या वेळी दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

बेअरिंगवरचे आकडे

साध्या बॉल बेअरिंगचा नंबर म्हणजे त्याचं माप. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. पुढे ०४ पासून सरळ पाचनं गुणायचं, म्हणजे ०४ ला २० आणि ०५ ला २५. आधीचे आकडे मालिका सांगतात. ६२०३ चं माप १७ × ४० × १२, ६२०२ चं १५ × ३५ × ११, ६२०१ चं १२ × ३२ × १०, ६२०४ चं २० × ४७ × १४. नंबर पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा, कोणताही बेअरिंगवाला त्यावरून नंबर सांगेल. पण ६००३ आणि ६२०३ दोन्हींचं भोक १७ चंच असतं (६००३ बाहेरून ३५ आणि जाडीला १०), तेव्हा नुसता शाफ्ट मोजून दुकानात जाऊ नका.

नंबरानंतरची अक्षरं पुष्कळ जण सोडून देतात आणि तिथेच फसतात. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. धूळ-पाणी जिथे येतं तिथे टूआरएस चांगलं, जास्त फेऱ्यांच्या आणि गरम होणाऱ्या मोटरीत झेडझेड बरं, कारण रबर थोडं घासतं. सी३ म्हणजे आतली सैल जागा नेहमीपेक्षा जास्त. मोटर तापली की आतली रिंग फुगते आणि ती जागा खाऊन टाकते, म्हणून मोटरीला सी३ घालतात. साधं बेअरिंग घातलं तर थंड असताना मोटर गोड चालते आणि तासाभरानं घरघरायला लागते. हातात फिरवून "हे जरा खुळखुळतंय, घट्ट दाखवा" असं म्हणून सी३ परत करणारी गिऱ्हाइकं रोज दिसतात.

नकली बेअरिंगपेक्षा जास्त त्रास देतं ते धुऊन पॉलिश केलेलं जुनं बेअरिंग. भंगारातलं बेअरिंग रॉकेलनं धुवायचं, ग्रीस भरायचं, नव्या खोक्यात घालायचं, हा धंदा जुना आहे. ओळखायचं ते भोकाच्या आत पाहून. नव्या बेअरिंगचं भोक एकसारखं ग्राइंड केलेलं, एका रंगाचं असतं. जुन्यात शाफ्टवर ठोकल्याच्या उभ्या रेघा किंवा तपकिरी डाग दिसतात, आणि झाकणाच्या कडेला पेचकसाचे दाब असतात. खोक्यावरचा नंबर आणि रिंगेवर कोरलेला नंबर अक्षराला अक्षर जुळतो का तेही पाहा. एसकेएफसारख्या कंपनीनं खोक्याचा फोटो काढून तपासायचं मोबाइल ॲप दिलेलं आहे, मोठ्या आणि महाग बेअरिंगसाठी ते वापरण्यात लाजायचं कारण नाही. लहान मापात एनबीसी, एसकेएफ, एफएजी, एनटीएन यांतलं काहीही पक्क्या बिलावर मिळालं की पुरे. छताच्या पंख्याला त्याहून महागडं काही घालणं म्हणजे सायकलीला विमानाचं चाक.

बसवताना नव्या बेअरिंगचा जीव जातो तो हातोडीनं. शाफ्टवर चढवायचं असेल तर जोर आतल्या रिंगेवर, घरात (बेअरिंग बसतं त्या खोबणीत) बसवायचं असेल तर बाहेरच्या रिंगेवर. आतल्या रिंगेच्या मापाचा पाइपचा तुकडा घ्या आणि त्यावर ठोका. बाहेरच्या रिंगेवर ठोकून शाफ्टवर चढवलं तर तो जोर गोळ्यांमधून जातो, त्यांचे ठसे आतल्या खोबणीत उमटतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. मग "दुकानदारानं डुप्लिकेट दिलं" अशी तक्रार होते.

अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, उघडून

इमारतीच्या टाकीवर पाणी चढवणारा छोटा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेला) पंप हे शिकायला उत्तम मशीन आहे, कारण त्यात स्वस्तात मिळणारे चार भाग एकमेकांना बिघडवतात.

पंप सुरू केला की नुसता गुणगुणतो, फिरत नाही, आणि हातानं पंखा फिरवून दिला की चालू होतो: कपॅसिटर. या आकारात बहुधा १० मायक्रोफॅरडच्या आसपासचा, एक हॉर्सपॉवरला साधारण दुप्पट. पण अंदाजानं घेऊ नका, पंपाच्या पाटीवर किंवा जुन्या कपॅसिटरवर आकडा असतो. व्होल्टेज ४४० एसी असलेलाच घ्या. कमी व्होल्टेजचा स्वस्त असतो आणि फुगतो. "जरा मोठा टाका, जोरात चालेल" असा सल्ला देणारे मेकॅनिक आहेत. मोठ्या कपॅसिटरनं पाणी वाढत नाही, स्टार्टिंग वाइंडिंगमधून करंट जास्त जातो आणि ते तापून जळतं. त्या वाइंडिंगच्या मजुरीत बरेच कपॅसिटर येतील. मल्टिमीटरवर कपॅसिटर मोजायची सोय असेल तर १० चा ७ वर आलेला टाकून द्यायचा. हात लावण्याआधी दोन टोकं पेचकसानं शॉर्ट करायची सवय सोडा, साधा बल्ब लावलेल्या होल्डरला वायर जोडून साठलेली वीज त्यातून उतरवा.

एक सावधानता. स्टार्ट कपॅसिटर आणि रन कपॅसिटर दिसायला सारखे असले तरी कामं वेगळी. "१००-१२० मायक्रोफॅरड" असा पल्ला छापलेला काळा डबा स्टार्टचा असतो, काही सेकंदांपुरता जोडलेला राहण्यासाठी. तो कायम जोडून ठेवला तर फुटतो.

आता गळती. मोटर आणि पंपाच्या मधल्या फटीतून थेंब पडत असतील तर मेकॅनिकल सील गेलं. हे दोन चकत्यांचं असतं: एक कार्बनची, स्प्रिंगसह शाफ्टबरोबर फिरणारी, दुसरी सिरॅमिकची, रबरी वाटीत बसून स्थिर राहणारी. दोन्ही इतक्या सपाट घासलेल्या असतात की त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यावरच त्या चालतात. टाकी रिकामी असताना पंप काही मिनिटं कोरडा चालला की तो थर सुकतो, कार्बन जळतो, चकती तडकते. सील विकत घेताना शाफ्टचा व्यास आणि सिरॅमिक बसते त्या खड्ड्याचा व्यास-खोली ही दोन्ही मापं हवीत. १२ मिलिमीटरचं आणि पाच अष्टमांश इंची सील शेजारी शेजारी टांगलेली असतात. पाच अष्टमांश म्हणजे १५.९ मिलिमीटर, तेव्हा "१६ चं" मागून घोळ करू नका.

बसवताना चकत्यांच्या तोंडाला बोट लावायचं नाही. रबरी वाटीला तेल-ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा, काही रबरं तेलानं फुगतात. वाटी सरळ दाबण्यासाठी फडकं गुंडाळलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. तिरकी बसली तर नवं सीलही पहिल्याच दिवशी गळतं.

गळती आठवडाभर तशीच राहू दिली तर पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगमध्ये जातं. ग्रीस पांढरं होतं, बेअरिंग गंजतं, शाफ्ट डगमगायला लागतो, आणि डगमगणाऱ्या शाफ्टवर नवं सीलही टिकत नाही. म्हणून सील बदलताना शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. जाणवण्याइतकी ढिलाई असेल तर सील आणि पुढचं बेअरिंग एकत्रच बदला. नुसतं सील बदलून पैसे वाचवणारा महिन्याभरात पुन्हा त्याच दुकानात दिसतो.

आणि ही शेवटची गोष्ट, जी जवळपास कुणी सांगत नाही. स्वतः पाणी ओढणाऱ्या छोट्या पंपात पितळी इम्पेलरच्या दोन्ही बाजूंना केसाएवढीच फट असते. ती फट ठरते केसिंगच्या गॅस्केटनं, म्हणजे सांध्यात घातलेल्या पातळ थरानं. जुनं कागदी गॅस्केट फाटलं म्हणून तिथे सायकलच्या ट्यूबचं जाड रबर कापून घातलं की फट वाढते, पंप फिरतो, आवाज उत्तम येतो आणि पाणी चढत नाही. जुन्या गॅस्केटची जाडी व्हर्निअरनं मोजा आणि तेवढ्याच जाडीचा गॅस्केट कागद शीटमधून घ्या. एक शीट दहा पंपांना पुरते. उलट खूप पातळ झालं तर इम्पेलर घासून अडकतो. बोल्ट आवळताना मधूनमधून शाफ्ट हातानं फिरवून पाहायचा तो यासाठी.

बेल्ट

व्ही-बेल्टचे ए, बी, सी हे आकार वरच्या रुंदीचे: ए १३ मिलिमीटर रुंद आणि ८ जाड, बी १७ आणि ११, सी २२ आणि १४. अक्षरापुढचा आकडा आतल्या घेराचे इंच. ए-४२ म्हणजे आतून ४२ इंच.

नंबर पुसला असेल तर जुना बेल्ट मोजून फायदा नाही, तो ताणलेला असतो. मोटर बेल्ट बसवायच्या जागी आणून दोन्ही पुलींच्या काठावरून दोरी घट्ट फिरवा आणि मोजा. ही बाहेरची लांबी. ए बेल्टसाठी त्यातून २ इंच वजा करा, बी साठी पावणेतीन. गणितानं करायचं असेल तर दोन्ही पुलींच्या व्यासांची बेरीज १.५७ नं गुणा, त्यात दोन शाफ्टमधल्या अंतराची दुप्पट मिळवा, आणि व्यासांच्या फरकाचा वर्ग त्या अंतराच्या चौपटीनं भागून तोही मिळवा. ४ आणि १२ इंची पुली, मधे १८ इंच अंतर: २५.१ अधिक ३६ अधिक ०.९, म्हणजे ६२. ए-६० घ्या. मोटर पुढे-मागे सरकवायच्या खाचांमध्ये एखाद्या इंचाचा खेळ असतोच.

दोन-तीन बेल्टवर चालणारी गिरणी किंवा कॉम्प्रेसर असेल तर एकच तुटला तरी सगळे बदलायचे, तेही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले. नवा आणि जुना शेजारी घातले तर सगळा भार नव्यावर येतो. आणि नवा बेल्ट पुलीच्या खोबणीत तळाला टेकत असेल तर दोष बेल्टचा नाही, पुली झिजली आहे. बेल्ट कडांवर ओढतो, तळावर नाही. तळाला टेकला की घसरतो, चरचरतो आणि जळका वास येतो.

अडीच सूत

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात अजून सूत चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत पाव इंच, चार सूत अर्धा इंच. अडीच सूत म्हणजे पाच सोळांश इंच, ७.९४ मिलिमीटर. आणि एम-८ म्हणजे ८ मिलिमीटर. नव्या मशीनचा एम-८ बोल्ट हरवला की दुकानदार खुशाल अडीच सूत देतो, दिसायला जुळे भाऊ. पण एम-८ चे आटे १.२५ मिलिमीटरवर असतात आणि अडीच सुती व्हिटवर्थ बोल्टचे इंचाला १८, म्हणजे १.४१ वर. शिवाय आट्यांचा कोन एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. नट दीड-दोन फेरे हातानं जातो, मग अडकतो. इथे पाना लावून जोर दिला की ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे साफ होतात आणि पाच रुपयांच्या बोल्टपायी हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) मारून घ्यावं लागतं. नियम सोपा: बोल्ट बोटांनी पाच फेरे गेला नाही तर तो त्या भोकाचा नाही.

पानाही खूण देतो. १० चा पाना म्हणजे बहुधा एम-६, १३ चा म्हणजे एम-८, १७ किंवा १६ चा म्हणजे एम-१०, १९ किंवा १८ चा म्हणजे एम-१२.

बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतात. पहिला आकडा शंभरानं गुणला की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये, दुसरा सांगतो त्याच्या किती दशांशाला तो कायमचा ताणला जाईल. गेटच्या कडीला ४.६ चालतो. इंजिनच्या फाउंडेशनला किंवा गवत कापायच्या पात्याला ८.८ खाली जाऊ नका. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो सर्वांत कमी दर्जाचा समजायचा. हे बोल्ट वजनावर विकतात, एम-८ × ४० किलोत साधारण पन्नास भरतात, एम-१० × ५० पंचवीसच्या आसपास. सुटे सहा घेण्यापेक्षा पाव किलो स्वस्त पडतात, आणि पुढच्या वेळची फेरी वाचते.

कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे लोक स्टेनलेस मागतात, आणि मग चुंबक लावून पाहतात. चिकटला नाही म्हणजे ३०४ हा चांगला प्रकार, असा समज आहे. २०२ या स्वस्त प्रकारालाही चुंबक चिकटत नाही, आणि तो समुद्राकाठी पहिल्याच पावसाळ्यात तांबडा होतो. उलट खऱ्या ३०४ चा बोल्ट थंड अवस्थेत घडवलेला असल्यानं चुंबकाला थोडा ओढतो. डोक्यावर ए२-७० कोरलेलं असेल तर ३०४, ए४ असेल तर ३१६. अगदी लाटांजवळ ३१६ शिवाय इलाज नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर दोन्ही एकमेकांत चिकटून बसतात आणि हॅक्सॉ काढावी लागते.

नळाच्या सामानाचा हिशोब पुन्हा वेगळा. अर्धा इंची नळाचे आटे बाहेरून मोजले तर जवळपास २१ मिलिमीटर भरतात, कारण अर्धा इंच हे जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या भोकाचं नाव आहे. पाऊण इंची २६.४, एक इंची ३३.२. व्हर्निअरवर २१ दिसलं म्हणून पाऊण इंची मागणारे बरेच असतात.

पेट्रोल इंजिनं

गवत कापायची मशीनं आणि पॉवर वीडर (तण काढायची यंत्रं) यांची नावं दर वर्षी बदलतात, रंग बदलतात, आत इंजिनं ठरावीकच. इंजिनवर कोरलेलं वाचा. ४३ सीसीच्या टू-स्ट्रोकवर बहुधा १ई४०एफ-५ असतं, ५२ सीसीवर १ई४४एफ-५. म्हणजे एक सिलिंडर, ४० किंवा ४४ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), हवेनं थंड होणारं. फोर-स्ट्रोकमध्ये १६८एफ म्हणजे ६८ चा बोअर, १७०एफ म्हणजे ७० चा, १८८एफ म्हणजे ८८ चा. हा नंबर सांगितला की स्टिकरवरचं नाव कुणी विचारत नाही. १६८ आणि १७० यांचे स्टार्टर दोरीचे संच, प्लग वगैरे बरेचदा एकमेकांना चालतात, पिस्टन आणि रिंगा अर्थात नाही.

फसायची जागा शाफ्ट. याच इंजिनांचा बाहेर आलेला शाफ्ट कधी २० मिलिमीटरचा असतो, कधी पाऊण इंची, म्हणजे १९.०५. २० च्या भोकाची पुली १९.०५ वर बसते, डुलते आणि आठ दिवसांत चावी खाते. ब्रश कटरमध्ये दांड्याचा पाइप २६ किंवा २८ मिलिमीटर असतो आणि आतल्या शाफ्टचे दात ७ किंवा ९. गिअर हेड घेताना हे दोन्ही सांगा.

प्लगचं गणित आट्यांच्या लांबीचं. १६८-१७० ला लागणारा एफ७टीसी किंवा बीपीआर६ईएस हा १४ मिलिमीटर आट्यांचा, १९ मिलिमीटर लांबीचा. आखूड आट्यांच्या इंजिनात हा घातला तर टोक पिस्टनवर आदळतं. फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

टू-स्ट्रोकचा कार्ब्युरेटर बंद पडला तर पूर्ण नवा घेण्याआधी आतल्या पडद्यांचा संच मागा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, हंगाम संपल्यावर टाकीत तेच पडून राहिलं की रबरी पडदे कडक होतात आणि नळी ठिसूळ होते. मशीन ठेवताना टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं, म्हणजे हा खर्चच येत नाही. तेलाचं प्रमाण २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, ५० ला १ असेल तर २०. आणि हे सगळं सामान फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तालुक्याच्या गावात क्लच आणि स्टार्टर दोऱ्या संपलेल्या असतात, शिल्लक असतात त्या मागच्या वर्षी कुणी परत केलेल्या.

कुठे जायचं

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील, टूल्स, लोहार चाळीत इलेक्ट्रिकल, लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्स. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी हार्डवेअरसाठी, तपकीर गल्ली इलेक्ट्रिकलसाठी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर: तिथे भाग मिळाला नाही तर तो बनवून देणारा टर्नर (लेथवाला) पुढच्या दारात असतो. या बाजारांत सकाळी अकरा ते एक या वेळात जायचं, संध्याकाळी ठेकेदारांच्या याद्या चाललेल्या असतात.

भाव विचारायची पद्धत: "शेठ, ६२०३ झेडझेड सी३, कुठल्या कुठल्या कंपनीत आहे? सगळ्यांचा भाव सांगा." तीन दुकानांत हेच वाक्य. "काय द्याल?" असं विचारलंत तर फळीवर जे पडून आहे ते मिळेल. पैसे देण्याआधी "बसलं नाही तर बदलून मिळेल ना?" हे विचारून ठेवा, आणि पाकीट फाडू नका. इलेक्ट्रिकल माल परत घेत नाहीत, तो चालवून दाखवायला सांगा. ऑनलाइन एखादं ऑइल सील मागवलं तर पोस्टेजच जास्त होतं. एकदम आठ-दहा भाग लागत असतील किंवा भाग दुर्मिळ असेल तरच परवडतं, आणि तेही फोटोत माप लिहिलेलं असेल तरच.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरणं ही मजा आहेच, पण तिथे घ्यायचं ते लोखंड: व्हाइस, पाने, ओतीव पुली, पुलर, ड्रिलचं चक. व्हाइसचे जबडे बंद करून उजेडासमोर धरा, फट एकसारखी दिसली पाहिजे. पुलीचं भोक आणि चावीची खाच तपासा. रबर, कपॅसिटर, बेअरिंग, सील तिथे अजिबात घेऊ नका. न वापरलेला बेल्टसुद्धा वर्षानुवर्षं उन्हात पडला की बोटानं वाकवल्यावर आतून चिरा दाखवतो.

मग कुठे स्वस्तातलं चालतं? मिक्सरचा कपलर बेशक स्वस्त घ्या. तो मुळात तुटण्यासाठीच आहे, भांड्यात काही अडकलं तर मोटर वाचावी म्हणून. जाड, "कधीच न तुटणारा" कपलर घेतलात तर पुढच्या वेळी मोटर जळेल. (बहुतेक मिक्सरचा कपलर उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवून सुटतो. डावीकडे जोर लावत बसू नका.) कार्बन ब्रश मात्र त्याच मापाचेच घ्या आणि फार कडक नकोत, कडक ब्रश स्वतः टिकतो आणि मोटरच्या फिरत्या भागावरचा (आर्मेचरवरचा) कम्युटेटर झिजवतो. ब्रश सत्तर रुपयांनी महाग पडला तरी आर्मेचरपेक्षा स्वस्त.

ऑइल सीलवर २५ × ४२ × ७ असं लिहिलेलं असतं: शाफ्ट, घर, जाडी. साधं काळं नायट्रिल रबर १०० अंशांपर्यंत ठीक, सायलेन्सरजवळ किंवा तापणाऱ्या गिअरबॉक्सला उष्णता सोसणारं व्हायटॉन रबर घ्या. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठानं रेघ कोरली असेल तर नवं सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो.

आणि बेअरिंगचं घर सैल झालं असेल तर आत सेंटर पंच मारून खड्डे करून घट्ट बसवण्याच्या भानगडीत पडू नका. पंचाचे उंचवटे काही दिवसांत दबतात आणि बेअरिंग वाकडं बसलेलं असतं ते वेगळंच. टर्नरकडून घर मोठं करून त्यात रिंग घालून घ्या. टर्नरला शाफ्ट देताना बेअरिंगही हातात द्या, "साधारण १७" असं सांगून नका येऊ.

भाग बसवून झाला की झाकण लावण्याआधी आतल्या पत्र्यावर ऑइल पेंटनं त्याचा नंबर आणि महिना लिहून टाका. जुना भाग, पाकिटाचा नंबर असलेला तुकडा आणि बिल एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनलाच बांधा. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला व्हर्निअर काढावा लागणार नाही.